छाती आणि श्वसनमार्गाचं सात भागांचं मॉडेल: नर्सिंग स्कूलच्या लॅबला चालेल का?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत (सरकारी मेडिकल कॉलेजात) किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्यांना मृतदेहावर शिकायला डिसेक्शन हॉल असतो. औसा, किनवट, परतूर अशा गावी एएनएम-जीएनएम हे नर्सिंगचे कोर्स करणाऱ्या मुलींना छातीच्या आतलं दिसतं ते भिंतीवरच्या चार्टवर आणि प्लास्टिकच्या मॉडेलवर. मॉडेलमध्ये काही चुकलं असेल तर ती चूक त्यांच्याबरोबर थेट वॉर्डात जाते. त्यामुळे रंगरूप किंवा चकाकी बाजूला ठेवून आम्ही एवढंच पाहिलं, की या मॉडेलवर शिकलेला हात पेशंटच्या छातीवर बरोबर जागी पडेल का.

मॉडेल पीव्हीसीचं, मोठ्या माणसाच्या छातीएवढं. पुढची छातीची भिंत एका तुकड्यात, दोन्ही फुप्फुसं प्रत्येकी दोन तुकड्यांत, स्वरयंत्रासकट श्वासनलिका आणि हृदय असे सात सुटे भाग. डायफ्रॅम (छाती-पोटामधला स्नायूचा पडदा) आणि पाठीचा कणा मॉडेलच्या तळाला पक्के. जोड चुंबकांचे आहेत.

सगळ्यात चांगली उतरलीय ती छातीची भिंत, आणि पैसे वसूल होतात तेही तिच्यावरच. बरगड्यांच्या 12 जोड्या नीट मोजता येतात. पहिल्या सात स्वतःच्या कूर्चेनं थेट उरोस्थीला (छातीच्या मधल्या हाडाला), आठवी-नववी-दहावी वरच्या कूर्चेला जोडलेल्या, अकरावी आणि बारावी पुढे मोकळ्या. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये दहावीपर्यंत सगळ्याच उरोस्थीला चिकटवलेल्या असतात, इथे तसं नाही. उरोस्थीच्या वरच्या भागाचा आणि मधल्या भागाचा सांधा, म्हणजे स्टर्नल अँगल, बोटाला उंचवट्यासारखा लागतो, आणि दुसऱ्या बरगडीची कूर्चा बरोबर तिथेच येते. हे फार महत्त्वाचं आहे. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते, ती पेशंटमध्ये हाताला नीट लागत नाही. म्हणून मोजणी दुसरीपासून करायची. मुलींना डोळे मिटून उंचवटा शोधायला लावा, तिथून बाजूला दुसऱ्या बरगडीवर, मग एकेक फट मोजत खाली. डाव्या बाजूला गळपट्टीच्या मध्यरेषेच्या किंचित आत पाचव्या फटीत हृदयाचा ठोका लागतो. ईसीजीच्या व्ही4 या छातीवर लावायच्या लीडची जागाही पाचव्याच फटीत, गळपट्टीच्या मध्यरेषेवर. चारदा हे केलं की ईसीजीच्या लीड वरखाली लागणं थांबतं.

दोन बरगड्यांमधला भाग उजवीकडे कापून दाखवलाय. वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला असलेल्या खोबणीत निळी शीर, लाल रोहिणी, पिवळी नस, वरून खाली याच क्रमानं रंगवलीय. छातीतलं पाणी काढताना डॉक्टर सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून का घालतात, हे या एका कापावरून लगेच समजतं. ट्रे लावणाऱ्या सिस्टरलाही ते माहीत असलेलं बरं, कारण पेशंटला नीट बसवून फटी रुंद करणं तिच्याच हाती असतं.

आता मोठा दोष. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूला पूर्ण गोल केल्यात. खऱ्या नलिकेत 16 ते 20 कड्या असतात आणि त्या मागून उघड्या असतात; तिथे स्नायूचा पडदा असतो, त्यालाच लागून अन्ननलिका जाते. पूर्ण गोल कडी एकच, स्वरयंत्राच्या तळाची क्रिकॉइड. सगळ्याच गोल दाखवल्या की क्रिकॉइडचं वेगळेपण संपतं. यावर उपाय आहे: मागच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीचा गुलाबी ॲक्रिलिक रंगाचा पट्टा मारा, क्रिकॉइड मात्र सोडा. दोन हात द्यावे लागतात.

दुसऱ्या दोषाला उपाय नाही. नलिका खाली दुभंगते तिथे दोन्ही फाटे सारख्याच कोनात काढलेत. मोठ्या माणसात उजवा मुख्य ब्राँकस, म्हणजे नलिकेचा उजवा फाटा, जेमतेम अडीच सेंटीमीटर, रुंद आणि बराच उभा असतो. शरीराच्या मध्यरेषेपासून साधारण 25 अंश. डावा 5 सेंटीमीटरच्या आसपास, बारीक आणि आडवा, 45 अंशांच्या घरात, कारण त्याला हृदयाला वळसा घालून जायचं असतं. श्वासासाठी नलिकेत घातलेली ट्यूब जास्त आत गेली तर उजव्या बाजूलाच का शिरते आणि मग डावीकडे श्वासाचे आवाज का येत नाहीत, याचं उत्तर या कोनात आहे. आपल्याकडे शेंगदाणा, हरभरा, तुरीचा दाणा, सीताफळाची बी नाकातोंडातून श्वासनलिकेत गेलेली पोरं येतातच. लहानग्यांमध्ये दोन्ही कोन बरेच जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे दाणा डावीकडेही सापडतो; आणि तो एक्स-रेत सहसा दिसत नाही, ओलाव्यानं फुगतो मात्र. हे शिकवताना मॉडेल बाजूला ठेवा आणि मोठ्या माणसाचा छातीचा जुना एक्स-रे व्ह्यू-बॉक्सवर लावा. नलिकेचा काळा पट्टा आणि त्याचे दोन फाटे त्यात स्वच्छ दिसतात. दुभंग स्टर्नल अँगलच्या पातळीला, छातीच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये येतो.

फुप्फुसं ठीक. उजव्याला तीन खंड, डाव्याला दोन, हृदयासाठीची खाच आहे. डायफ्रॅमचा उजवा घुमट यकृतामुळे थोडा वर आहे, तोही बरोबर. फुप्फुसावरण मात्र दाखवलेलंच नाही, आणि ही उणीव वर्गात जाणवते. फुप्फुसाची खालची कड गळपट्टीच्या मध्यरेषेत सहाव्या, काखेखाली आठव्या आणि पाठीत दहाव्या बरगडीपर्यंत. आवरण मात्र आठव्या, दहाव्या आणि बाराव्यापर्यंत. या दोन बरगड्यांच्या फरकात जी फट राहते तिथेच पाणी आधी साचतं. उभ्या एक्स-रेत तो कोपरा बोथट दिसायला साधारण 200 मिली पाणी लागतं. बरगड्यांवर लाल आणि निळ्या सुतळीनं दोन रेषा बांधल्या की हे दाखवता येतं. मार्करनं रेषा ओढू नका, पर्मनंट शाई पीव्हीसीत मुरते आणि निघत नाही.

आपल्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पत्र्याच्या छताखालच्या लॅबमध्ये मे महिन्यात पीव्हीसी नरम पडतं, दाबून ठेवलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग निघतो. चुंबकाचा गोंदही तेव्हाच सुटतो. सुट्टीत भाग सुटे करून, मध्ये सुती कापड घालून, भिंतीच्या गारव्याला लाकडी कपाटात ठेवा. वर्तमानपत्रात अजिबात गुंडाळू नका, शाई उमटते. पुसायला कोमट पाणी आणि साधा साबण. स्पिरिटनं नसांचे रंग जातात. निघालेलं चुंबक बसवताना आधी जोडीदार चुंबकाला लावून बाजू तपासा, उलटं चिकटलं तर तो भाग कायम ढकलला जातो.

मॉडेल हलत नाही, हे विकत घेतानाच धरून चाला. श्वास घेताना खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेर-वर जातात. ते एकमेकींच्या छातीला मोजपट्टी लावूनच दाखवावं लागतं. फुगणं दाखवायला मटणाच्या दुकानातून बकऱ्याचा फोपसा नळीसकट मागा. आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर सुरी लागलेला मिळतो आणि हवा धरत नाही. हातमोजे घाला, नळीत रबरी पाइप घालून दोऱ्यानं आवळा आणि सायकलच्या पंपानं हळू हवा भरा. तोंडानं फुंकू नका. एक फरक आधीच सांगा: बकऱ्यात उजव्या वरच्या खंडाचा फाटा दुभंगाच्या आधीच नलिकेतून निघतो, माणसात सहसा तसं नसतं. ज्या मुलींना हात लावायचा नाही त्यांना सक्ती करू नये, पाहणं पुरेसं आहे.

नर्सिंग स्कूलनं हे मॉडेल घ्यावं. लातूर-नांदेडच्या नीटच्या क्लासेसना ते तेवढं उपयोगी नाही, तिथे ब्राँकसचा कोन आणि कड्यांचा आकार यांवर प्रश्न येऊ शकतात. ऑर्डर देताना श्वासनलिकेचा मागच्या बाजूचा फोटो मागवा, कड्या उघड्या असलेला तुकडा आहे का विचारा. माल आल्यावर बिलावर सही करण्याआधी बरगड्या मोजा, सातही भाग दोनदा लावून काढा, आणि सुटी चुंबकं मिळतात का ते बिलावरच लिहून घ्या.