हळदीच्या वाळवणाचा महिना आणि हवामान अंदाजाच्या चार सेवा

महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा साधारण महिनाभराचा काळ हिंगोली-वसमत पट्ट्यातल्या हळद उत्पादकासाठी वर्षातला सर्वांत नाजूक काळ असतो. काढलेले कंद शिजवून झालेले असतात, हळकुंडे उन्हात पसरलेली असतात, शेजारच्या वावरात हरभऱ्याची सुडी मळणीच्या प्रतीक्षेत असते आणि ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या अजून बांधायच्या असतात. सगळ्या वर्षाची कमाई एकाच वेळी उघड्या आभाळाखाली पडलेली असते. यंदा या महिन्यात मी हवामान अंदाजाच्या चार सेवा रोज वापरल्या आणि कोणत्या सेवेने काय सांगितले व आमच्या शिवारात प्रत्यक्षात काय घडले, याची वहीत नोंद ठेवली. हे परीक्षण त्या नोंदींवरून लिहिले आहे.

या चारांपैकी तीन सेवा मोफत आहेत. पहिली भारतीय हवामान विभागाची. तिच्यात दिल्लीहून रोज निघणारे अखिल भारतीय पत्रक आणि मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे जिल्हानिहाय इशारे असे दोन भाग मी पाहत होतो. दुसरी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामानावर आधारित कृषी सल्ला पत्रिका, जी मंगळवारी आणि शुक्रवारी येते. तिसरे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारे ॲप. चौथी एक खासगी सेवा होती, जी वर्षाची वर्गणी घेऊन गावाच्या नावानिशी दर तासाचा अंदाज मोबाइलवर पाठवते.

प्रथम महिन्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण सेवा कशी आहे हे महिना कसा होता यावरूनच ठरते. शिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत सकाळी स्वेटर आणि दुपारी घाम अशी परिस्थिती होती. त्यानंतर चार दिवस स्वच्छ ऊन, दोन दिवस ढगाळ, एक दिवस नुसता वारा, पुन्हा ऊन, असे चालू राहिले आणि होळीच्या आसपास तीन दिवस असे आले की संध्याकाळपर्यंत काहीही होऊ शकेल, असे वाटत होते. मार्च महिन्यात देशभर हेच असते, फक्त प्रत्येक प्रदेशात त्याचे रूप वेगळे असते. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर आणि हिमाचलात बर्फ टाकतात, पंजाब-हरियाणात उभा गहू लोळवतात आणि राजस्थानात धुळीची वादळे उठवतात. पूर्वेकडे बंगालमध्ये कालबैसाखी आणि आसामात बोर्दोईसिला ही गडगडाटी वादळे याच दिवसांत सुरू होतात. दक्षिणेत कोडगू-चिकमगळूरला याच वळवाची वाट पाहिली जाते, कारण तिथे कॉफीला फुलोरा येण्यासाठी मार्च-एप्रिलच्या सरी लागतात. जो पाऊस तिथे फुलांसाठी मागतात, तोच आमच्याकडे पडला तर हळकुंडाचा रंग जातो.

मराठवाडा या सगळ्याच्या मधोमध बसलेला आहे आणि म्हणूनच त्याचा अंदाज अवघड आहे. उत्तरेकडून झंझावातामुळे वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. बंगालच्या उपसागरावरून खालच्या थरात दमट वारे येतात. आणि विदर्भ-मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकातून दक्षिणेकडे जाणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यात हे दोन्ही एकमेकांना भेटतात. खाली दुपारची हवा ३६-३७ अंशांपर्यंत तापलेली असते. तापलेली दमट हवा वेगाने वर जाते, पाण्याचे थेंब पाणी गोठते त्या उंचीच्याही वर ढकलले जातात आणि दुपारनंतर गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना हे शास्त्र समजावून सांगावे लागत नाही. त्या वर्षी आमच्या गावात काढणीला आलेल्या ज्वारीची नुसती धाटे उभी राहिली होती.

आता सेवांकडे वळतो. खासगी सेवेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यासाठी मी पैसे मोजले होते आणि तिच्याकडूनच माझ्या अपेक्षा सर्वांत जास्त होत्या. दिसायला ती फार सुबक आहे: गावाचे नाव, प्रत्येक तासापुढे ढगाचे किंवा सूर्याचे चित्र आणि पावसाची टक्केवारी. शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात एके दिवशी तिने दुपारी चार वाजता पावसाची शक्यता ८० टक्के दाखवली. त्याच सकाळच्या अखिल भारतीय पत्रकात काश्मीर-हिमाचलात बर्फवृष्टी आणि वायव्य भारतात पाऊस असे लिहिले होते, मराठवाड्यापुढे मात्र कोणताही इशारा नव्हता. मी पैसे दिलेल्या सेवेवर विश्वास ठेवला. सहा मजूर लावून दुपारी बारालाच हळद गोळा करून ताडपत्रीखाली घेतली. पावसाचा एक थेंबही पडला नाही. शहरातल्या माणसाला यात नुकसान दिसणार नाही, पण शिजवलेल्या हळदीत पाणी असते आणि कडक उन्हात ती झाकून ठेवली की आत वाफ धरते. संध्याकाळी ताडपत्री उचलली तेव्हा आतल्या बाजूला थेंब लटकलेले होते आणि ढिगाच्या मध्यात हात घातला तर हळकुंडे ऊबदार आणि चिकट लागत होती. मजुरी गेली, एक पूर्ण उन्हाचा दिवस गेला आणि पुढचे दोन दिवस तो ढीग वारंवार हलवत बसावे लागले. वाळायला पंधरा दिवस लागणाऱ्या मालात एका खोट्या इशाऱ्याची ही किंमत आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी याच सेवेने संध्याकाळच्या तासांपुढे सूर्याचे चित्र दाखवले. त्या दिवशी मात्र मुंबई केंद्राने हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांना नारंगी इशारा दिला होता आणि दिल्लीच्या पत्रकात कमी दाबाच्या पट्ट्याचा, तसेच उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख होता. आधीच्या अनुभवामुळे मी या वेळी पत्रकाचे ऐकले. साडेतीनच्या सुमारास वायव्येकडे आभाळ काळेनिळे झाले, गडी म्हणाला, “दादा, वारं फिरलंय, आता थांबू नका,” आणि आम्ही माल झाकून ताडपत्रीच्या कडांवर दगड आणि मातीने भरलेली पोती ठेवली. पाच वाजून दहा मिनिटांनी गारा सुरू झाल्या आणि अकरा मिनिटे पडल्या. पहिल्या गारा बोराएवढ्या होत्या, शेवटच्या आवळ्याएवढ्या. एक उचलून दगडावर फोडली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसले, एक पांढरा, एक काचेसारखा. ताडपत्रीला चार ठिकाणी भोके पडली, पण हळद कोरडी राहिली. बांधापलीकडच्या शेतातल्या हरभऱ्याची सुडी उघडी होती. दुसऱ्या दिवशी ती उलटून पाहिली तेव्हा निम्मे घाटे फुटून दाणे मातीत गेलेले होते. त्या शेतकऱ्याच्या मोबाइलवरही तीच खासगी सेवा होती आणि तिच्यावर तेच सूर्याचे चित्र होते.

मी ग्राहक सेवेला फोन केला. समोरच्या मुलीने सौजन्याने ऐकून घेतले आणि अंदाज संगणकाच्या प्रारूपातून आपोआप तयार होतो, असे सांगितले. तो अंदाज पाठवण्यापूर्वी कोणी हवामानशास्त्रज्ञ पाहतो का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. माझी खरी तक्रार हीच आहे. गडगडाटी ढग काही किलोमीटरांचा असतो आणि तासा-दीड तासात जन्मून विरून जातो. तो अमुक गावावर चार वाजता येईल, हे सकाळी कोणीही सांगू शकत नाही. जे सांगता येत नाही ते टक्केवारीसह सांगणे ही शेतकऱ्याच्या गरजेचा गैरफायदा घेण्याची गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याउलट हवामान विभागाच्या पत्रकाची भाषा पहिल्यांदा वाचताना रूक्ष वाटते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द आपण सगळेच सैल अर्थाने घेतो आणि मग “आमच्याकडे कुठे पडला?” म्हणून हसतो. त्याचा ठरलेला अर्थ असा आहे की त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस होईल. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. म्हणजे ‘तुरळक’ अंदाज पूर्ण खरा ठरला तरी चारांपैकी तीन ठिकाणे कोरडी राहू शकतात. हे एकदा समजले की पत्रक वाचण्याची पद्धतच बदलते. रंगांचेही तसेच आहे: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. मी महिनाभर असा नियम पाळला की पिवळ्या दिवशी माल पसरायचा पण ताडपत्री आणि माणसे जवळ ठेवायची, आणि नारंगी दिवशी दुपारी तीननंतर माल उघडा ठेवायचाच नाही.

या पत्रकाची मला सर्वांत मोलाची वाटलेली बाब म्हणजे ते संपूर्ण देश एकत्र दाखवते. देशाचे ३६ हवामान उपविभाग आहेत आणि मराठवाडा हा त्यांतला एक. मी आधी फक्त आपली ओळ वाचत असे. आता मी वरून सुरुवात करतो: नवा झंझावात काश्मीरला कधी पोहोचतो आहे, राजस्थानवर चक्राकार वारे आहेत का, उपसागरावरून दमट वारे आत येत आहेत का, आणि कर्नाटकातला पट्टा कुठे आहे. उत्तरेतला झंझावात एकटाच असेल तर आमच्याकडे बहुधा ढग येऊन जातात. उपसागराची ओल त्याला मिळाली तर सावध व्हायचे. गावाचा तास सांगणाऱ्या सेवेने मला एवढेसुद्धा शिकवले नाही, कारण ती कारण कधी सांगतच नाही. एक अडचण मात्र खरी आहे. हे सविस्तर पत्रक इंग्रजी आणि हिंदीत येते. जिल्ह्याचे इशारे मराठीत मिळतात, पण कारणमीमांसेचा तो भाग मराठीत आला तर शेतातल्या आखाड्यावर बसलेला माणूसही तो वाचेल.

विद्यापीठाच्या पत्रिकेबद्दल थोडक्यात सांगायचे तर, तिच्यात अंदाजापुढे कामही लिहिलेले असते. काढणी केलेल्या हळदीची उघडणी, शिजवणी, वाळवणी कधी करावी, काढलेला हरभरा सुरक्षित ठिकाणी कधी हलवावा, मोसंबी-आंब्याला आधार कसा द्यावा, हे सारे आपल्या पिकांच्या नावाने आणि आपल्या शब्दांत असते. आठवड्यातून दोनदाच येत असल्याने ऐनवेळच्या निर्णयासाठी ती पुरत नाही, आठवड्याचे नियोजन मात्र मी तिच्यावरच करतो.

‘दामिनी’चा उपयोग मालापेक्षा माणसांसाठी आहे. मोबाइलचे लोकेशन चालू ठेवले की आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असल्यास ते सूचना देते. गारपिटीच्या त्या संध्याकाळी पावणेपाचला तिची सूचना आली आणि मी सगळ्या मजुरांना लिंबाच्या झाडाखालून काढून पक्क्या खोलीत नेले. आमच्याकडे पाऊस आला की झाडाखाली पळण्याची जुनी सवय आहे आणि दरवर्षी मराठवाड्यात माणसे व जनावरे याच सवयीने दगावतात. हे ॲप घरातल्या एकाच्या तरी मोबाइलमध्ये असलेच पाहिजे, आणि वावरात जाताना तो मोबाइल बरोबर असला पाहिजे.

पाडव्याला नवीन साल धरण्याच्या, म्हणजे वर्षभरासाठी गडी ठरवण्याच्या गडबडीत खासगी सेवेचा वर्गणी भरण्याचा संदेश आला. मी ती भरली नाही. तेवढ्या पैशांत जाड विणीची एक नवी ताडपत्री येते आणि भोके पडलेली बदलायचीच होती. हळद पॉलिशच्या ड्रममधून काढून पोत्यांत भरली आहे. झाकून वाफ धरलेल्या त्या ढिगातली तीन पोती रंगाला फिकी आहेत, म्हणून ती वेगळी ठेवली आहेत.