रॅमची विजोड जोडी: आठ महिने वापरल्यावर

माझ्या पीसीत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतलं आणि त्याच्या मेमरीचा सगळा भार रॅमवरच. आधी डीडीआर४ प्रकारची, ३२०० वेगाची ८ जीबीची एकच स्टिक होती आणि त्यातलीही थोडी ग्राफिक्ससाठी कायमची बाजूला पडायची. फोटो एडिटिंग चालू असताना क्रोम उघडलं की मशीन आचके द्यायचं.

म्हणून पुण्यातल्या तापकीर गल्लीतून आणखी ८ जीबी आणली. कंपनी वेगळी, थोडी स्वस्त, पाकिटावर आकडा तोच. "बत्तीसशे आहे ना, चालते हो," दुकानदार म्हणाला. घरी येऊन मोकळ्या दिसलेल्या शेजारच्या स्लॉटमध्ये खोचली. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी दिसली, मी खूश. दोन आठवड्यांनी सीपीयू-झेड (पीसीच्या भागांची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून बघितलं तर चॅनल 'सिंगल'! म्हणजे दोन्ही स्टिक प्रोसेसरशी एकाच वाटेनं बोलत होत्या. माझ्या चार स्लॉटच्या मदरबोर्डावर जोडी लावायची ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. शेजारशेजारचे दोन्ही एकाच चॅनलचे. (सीपीयू-झेड १६०० दाखवतं म्हणून घाबरू नका, ३२०० चं ते निम्मंच दाखवतं.) स्लॉट बदलला आणि गेममधला फरक डोळ्यांना कळला. चॅनलमागे २५.६ जीबी प्रति सेकंद, दोन्ही मिळून ५१.२. कागदावरचे आकडे आहेत, पण आतल्या ग्राफिक्सला नेमकी हीच भूक असते.

खरा छळ पुढे. पीसी कधी तीनदा बंद-चालू होऊन सुरू व्हायचा, कधी निळा स्क्रीन. एकदा बॅकअपची झिप फाइलच उघडेना. मी विंडोजला शिव्या घालत राहिलो, पार फॉरमॅटसुद्धा मारलं. शेवटी रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला, सकाळी चुकांच्या लाल ओळींची रांग.

जुनी स्टिक ३२०० ला सीएल१६ (सीएल म्हणजे डेटा द्यायला लागणारी चक्रं), १.३५ व्होल्ट, तेही एक्सएमपी, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेली वेगवान सेटिंग, चालू केल्यावर. नवी साधी, सीएल२२, १.२ व्होल्ट. वेग सारखाच, पण डेटा द्यायला एकीला १० नॅनोसेकंद लागतात, दुसरीला १३.७५. मी एक्सएमपी चालू ठेवलं होतं, त्यामुळे बोर्ड नवीलाही जुनीच्याच चालीनं पळवत होता. एक्सएमपी बंद केलं तर दोघी २१३३ वर रांगायच्या.

मग बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) हातानं ३२०० वेग आणि नव्या स्टिकचं मंद टायमिंग २२-२२-२२-५२ भरलं, व्होल्टेज १.३५ ठेवलं. मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ. त्यानंतरच्या सहा महिन्यांत निळा स्क्रीन एकदाही नाही. चांगल्या स्टिकला मंद करून ठेवलंय हे खटकतं, पण रोजच्या कामात जाणवत नाही. तेवढ्यासाठी जुनी विकून नवी जोडी घेणार नाही.

मागच्या महिन्यात भाच्याच्या पीसीसाठी मात्र एकाच डब्यातली ८+८ ची जोडी आणली. एक्सएमपी चालू केलं आणि पहिल्याच झटक्यात सगळं सुरू. मला जरा वाईटच वाटलं.