प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचं समुपदेशन: माझा अनुभव

प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा माग ठेवणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा, ०.१ च्या खाली आला, सर्जननी अभिनंदन केलं आणि घरातल्यांच्या लेखी आजार संपला. मला मात्र खोकला आला तरी लघवी गळायची, झोप उडाली होती आणि बायकोशी बोलणं जेवण-औषधांपुरतं उरलं होतं. तेव्हा कॅन्सरच्या रुग्णांसाठीची ही समुपदेशन सेवा घेतली.

पहिल्याच भेटीत मनावरचा ताण ० ते १० मध्ये किती, ते विचारलं. ४ किंवा जास्त असेल तर खोलात जाऊन विचारपूस करतात. नैराश्याची ९ प्रश्नांची प्रश्नावलीही भरून घेतली. मग समुपदेशक मॅडमनी रक्तदाब विचारावा इतक्या सहजपणे विचारलं, "दिवसाला पॅड किती लागतात? शरीरसंबंधांचं काय?" तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला अगदी लागून जातात, त्या वाचवल्या तरी सावरायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, हे त्यांनी चित्र काढून दाखवलं.

पुढच्या वेळी बायकोलाही बोलावलं. ती म्हणाली, "मी जवळ आले तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून लांब राहत होते." घरी आम्ही दोघंही हे कधी बोललो नसतो. एवढ्यासाठी तरी ही सेवा घ्यावी असं मी म्हणेन.

पीएसएची तारीख जवळ आली की जीव टांगणीला लागतो. त्यावरचा सल्ला साधा होता: रिपोर्ट रात्री एकट्यानं मोबाइलवर उघडायचा नाही, कुणाला तरी शेजारी बसवायचं. मी अजून तसंच करतो.

गटाच्या बैठकीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरवणारी इंजेक्शनं चालू असलेले एक काका बोलता बोलता रडले. टेस्टोस्टेरॉन उतरलं की अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, मन हळवं होतं, हा औषधाचा परिणाम आहे, हे ऐकून त्यांचा चेहराच बदलला.

उणिवाही आहेत. नुकतं ऑपरेशन झालेले आणि आजार पसरलेले रुग्ण एकाच गटात बसवतात. नवा माणूस घाबरतो. सगळी माहितीपत्रकं बायको सोबत आहे असं धरून लिहिलेली, त्यामुळे विधुर किंवा एकट्या माणसाला त्यात जागाच नाही. लघवी रोखणाऱ्या, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्टही आपणच शोधायचा.

तरीही ऑपरेशनची तारीख ठरत असेल, तर पहिली भेट त्याआधीच घ्या आणि जोडीदार असेल तर सोबत न्या.