अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम: परत बघितला, परत काटा आला
२०१९ ला पहिल्याच दिवशी बघितलेला, काल परत लावला आणि तेच झालं राव. तीन तास एक मिनिटाचा पिक्चर, पहिला तास रेंगाळतो हे मान्य, थॉरच्या सुटलेल्या पोटाचे जोक पण जरा ताणलेत. पण शेवटची लढाई!! कॅप म्हणजे कॅप्टन अमेरिका एकटा, ढाल अर्धी तुटलेली, तरी गडी हातावरचा पट्टा करकचून आवळतो, समोर व्हिलन थॅनॉसची अख्खी फौज, तेवढ्यात कानात त्याच्या दोस्ताचा, सॅमचा आवाज येतो नि मागं एकेक पोर्टल, म्हणजे जादूचं दार, उघडत जातं नि बाकीचे हिरो मदतीला येतात, तेव्हा थिएटरात एवढ्या शिट्ट्या की मला एक डायलॉग ऐकू आला नव्हता. टोनी म्हणजे आयर्न मॅन, तो जीव देऊन चुटकी वाजवतो तेव्हा शेजारचे काका चष्मा पुसत होते, मी पण रडलो, लपवायचं काय त्यात. पोस्ट-क्रेडिट सीन नाही, नुसता हातोड्याचा ठणठण आवाज, तरी आम्ही येड्यासारखे लाईट लागेपर्यंत बसलेलो.