इतवारी बाजारातला उंदरांचा जाळीचा पिंजरा: कुत्रा-मांजर असलेल्या घरासाठी

पाऊस लागला की आमच्या स्वयंपाकघरात उंदीर येतात, आणि घरात मोती कुत्रा नि मनी मांजर. दुकानदाराने आधी उंदीर मारायच्या विषाची, ब्रोमाडिओलोनची वडी काढली. मी नाहीच म्हटलं. त्या विषाने रक्त गोठणं थांबतं, लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस जातात, आणि तसा उंदीर मनीने खाल्ला तर तिच्याही जिवावर बेतू शकतं. गोंदाचा पॅडही नको बाप्पा! मागे मनीचा पंजा त्यात चिकटला होता, खोबरेल तेल चोळत अर्धा तास सोडवत बसले होते मी.

शेवटी 180 रुपयांचा तारेचा पिंजरा घेतला. आकड्याला भाजलेलं खोबरं लावलं आणि सिलिंडरमागे भिंतीला लागून ठेवला, उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो ना. दुसऱ्याच रात्री खटकन दार पडलं. चार दिवसांत तीन सापडले, मोतीला ओरखडाही नाही. स्प्रिंग मात्र फार कडक, बोट सांभाळा. एका तारेचं टोक बाहेर आलं होतं, ते पक्कडीने आत वळवलं.

आणि ओट्याखाली पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवा. बोटभर जागेतूनही उंदीर आत शिरतो, नुसता पिंजरा पुरत नाही.