घरचा सर्व्हर बाहेरून उघडायचाय: पोर्ट फॉरवर्डिंग की टेलस्केल?

घरातले सगळे फोटो मी जुन्या लॅपटॉपवर इमिच (स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं फोटो अ‍ॅप) टाकून ठेवलेत. लॅपटॉप पुण्यात, आई-बाबा साताऱ्याला, आणि नातीचे फोटो त्यांना रोज हवे असतात. आधी दीडेक वर्ष पोर्ट फॉरवर्डिंग वापरलं, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरने थेट लॅपटॉपकडे पाठवायची. आता टेलस्केल वापरतो, म्हणजे फक्त आपल्या उपकरणांना जोडणारा खासगी व्हीपीएन.

पोर्ट फॉरवर्डिंगचं मोठं सुख म्हणजे समोरच्याच्या फोनवर वेगळं काही टाकावं लागत नाही. डकडीएनएसचा पत्ता (आयपी बदलला तरी नाव तेच राहतं), लेट्स एन्क्रिप्टचं फुकट एचटीटीपीएस सर्टिफिकेट, एका संध्याकाळचं काम. वेगही पूर्ण मिळतो. फक्त दार सगळ्या जगाला दिसतं. सुरुवातीला मी एसएसएचचं, म्हणजे दुरून लॉगिन करायचं, २२ नंबरचं पोर्टही उघडं ठेवलं होतं. सकाळी लॉग पाहिला तर रूट, अ‍ॅडमिन, पाय, टेस्ट अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न, पानंच्या पानं. ते लगेच बंद केलं. वेबसाठीचं ४४३ नंबरचं पोर्ट मात्र उघडं ठेवावंच लागतं, म्हणजे अपडेट राहून गेलं की जिवाला घोर.

तेही मी निभावलं असतं. वैताग आणला तो इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅटने. यात एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. तुमच्या राउटरला स्वतःचा पत्ताच नसतो, मग फॉरवर्ड काय करणार? त्यासाठी स्टॅटिक आयपीचे (न बदलणाऱ्या, स्वतःच्या पब्लिक पत्त्याचे) पैसे मी वेगळे भरत होतो. पण प्लॅन रिन्यू झाला की, ओएनटी (फायबरचा मोडेम) बदलला की, गाडी परत मूळपदावर. ऐन दिवाळीत आईचा फोन, "अरे, फोटो उघडत नाहीयेत रे." राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघितला, १००.७२ ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ ही रेंज २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलीय, त्यामुळे बघताक्षणी कळलं. कस्टमर केअरला मात्र समजावता येईना. "सर, नेट चालू आहे ना?" नेट चालूच होतं! चार दिवस गेले, भाऊबीजही गेली.

टेलस्केलमध्ये दोन्ही टोकं आतून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. खाली वायरगार्ड हा एन्क्रिप्टेड व्हीपीएन प्रोटोकॉलच आहे. कंपनीचा सर्व्हर पब्लिक की आणि पत्ते जुळवून देतो, फोटो त्याला वाचता येत नाहीत. थेट जोडणी जमली नाही तर रिलेमार्गे (मधल्या सर्व्हरवरून) जातं आणि व्हिडिओ रखडतो. माझ्याकडे तसं क्वचित होतं, तुमच्या लाइनवर वेगळं असू शकेल. आईच्या फोनवर अ‍ॅप मीच जाऊन टाकलं. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, तेव्हा फोनवर ऑफिसचा व्हीपीएन असणाऱ्यांनी आधी विचार करावा. आणि सर्व्हरची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) आठवणीने बंद करा, एरवी १८० दिवसांनी परत लॉगिन करावं लागतं.

सगळ्यांसाठी खुली वेबसाइट असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल बघा, त्यात पोर्ट न उघडता साइट क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमार्गे लोकांपर्यंत जाते. पण तिथे एन्क्रिप्शन त्यांच्याकडे उघडतं आणि फुकट प्लॅनवर एका वेळी १०० एमबीपर्यंतच अपलोड होतं. लग्नाचे व्हिडिओ त्यात बसत नाहीत.

तुमच्याकडे पक्का पब्लिक आयपी असेल आणि अपडेट वेळेवर होत असतील, तर पोर्ट फॉरवर्डिंगला मी नाव ठेवणार नाही. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात ओएनटी पुन्हा बदलला. साताऱ्यात कुणाला कळलंही नाही.