सीसी४१ शिक्क्याचं युटिलिटी फर्निचर: खुर्ची घ्या, कपाट तपासून घ्या

ब्रिटनमध्ये जुन्या फर्निचरच्या दुकानात खुर्ची उलटी केली की कधीकधी लाकडावर सीसी४१ असा शिक्का दिसतो. दोन्ही सी चतकोर तोडलेल्या भाकरीसारखे. हे दुसऱ्या महायुद्धातलं सरकारमान्य युटिलिटी फर्निचर. लाकूड परदेशातून यायचं आणि जहाजांत जागा नव्हती, म्हणून १९४३च्या सुरुवातीला ठरावीक नमुन्यांचा कॅटलॉग आला. विकत घ्यायला परवाना लागे, तोही मुख्यतः नवविवाहितांना आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांना. परवान्यावर आधी ६० युनिटं, पुढे ३०. साध्या खुर्चीला १ युनिट, कपाटाला ८. म्हणजे ३० युनिटांत एका कपाटातच पावाहून जास्त कोटा संपायचा!

जेवणाच्या टेबलाची खुर्ची हा यातला सर्वांत भरवशाचा माल. ओक किंवा महोगनीचं भरीव लाकूड, कुसू खाचेत बसवून केलेले सांधे, कोरीवकाम अजिबात नाही. घेताना बैठक खालून ढकलून बाहेर काढा, आतली चौकट उघडी पडते. मग पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरकस समोरचा मागचा पाय धरून पिळा. कुरकुरली तर घाबरू नका, बहुतेक वेळा फक्त सरस सुटलेला असतो. गरम पाण्याच्या ओल्या फडक्याने तो मऊ करून खरवडा, लाकूड पूर्ण वाळू द्या, नव्याने सरस लावून २४ तास क्लॅम्पमध्ये ठेवा. जुन्या सरसावरच फेव्हिकॉल ओतला तर तो लाकडात मुरत नाही आणि सांधा पुन्हा उघडतो. ही चूक फार जण करतात.

कपाटाचं मात्र वेगळं. चांगलं प्लायवूड विमानांकडे गेलं होतं, म्हणून दारांच्या आणि बाजूच्या फळ्यांना व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलेला हार्डबोर्ड वापरला. हार्डबोर्ड म्हणजे दाबून केलेला लाकडाच्या तंतूंचा पत्रा. पाणी लागलं की फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. म्हणून आधी खालच्या कडेवरून बोट फिरवा. कड जाड, भुसभुशीत लागली तर ती फळी बदलावीच लागणार. व्हिनियर जेमतेम मिलिमीटरभर असतं, तेव्हा जोरात पॉलिश पेपर मारू नका, खालचा तपकिरी बोर्ड उघडा पडतो. घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसा, मेण लावा, बास.

मागची बाजू टॉर्चने बघा. दीड-दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि खाली फिकट ताजा भुसा दिसला तर कीड अजून आत आहे. असं कपाट उपचाराशिवाय घरात आणू नका, शेजारच्या लाकडालाही ती लागू शकते. छिद्रं जुनी, काळवंडलेली असतील आणि भुसा नसेल, तर आधी कपाटाखाली पांढरा कागद पसरून ठेवा. मेपासून ऑगस्टपर्यंत, किडे बाहेर पडायच्या दिवसांत, त्यावर काही पडतंय का ते बघा.